शिडी धरणारा

"बाबा, तुम्ही पडलात की तुम्हाला कुणी पाडलं?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती आणि भोंग्याने ती सकाळी नाश्त्यालाच जिंकून टाकली. भोंगा म्हणजे रंगाऱ्याची मुलगी. नाव वर्गाने तिच्या मोठ्या आवाजावरून ठेवलेलं. आधी ती त्यावरून रडायची, यंदापासून ते ऐटीत मिरवू लागली होती.

आईचा हात थांबला. बाबांनी नुकताच प्लास्टरमधून सुटलेला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"पाडतंय कोण! शिडी धरलेली होती. टकटक ऐकूनच चढलो मी."

रंगाऱ्यांची रीतच ती. एका हातात डबा, नजर भिंतीवर. चढणारा खाली बघत नाही. धरणारा बोटांनी दांडा वाजवतो, टकटक. म्हणजे धरलीय, चढ.

"पण जोडीदार तर चहाला गेला होता ना?"

"त्या भिंतीवरून आधी पडलेले दोघं रंगारीही हेच सांगतात," बाबा पुटपुटले. "जाऊ दे. उद्या जाऊन उरलेली भिंत संपवतो."

ती भिंत भोंग्याच्याच शाळेच्या हॉलमधली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत रंगारी जेवायला गेले होते. मैत्रिणी हॉलच्या दारातच थबकल्या.

"जा की, एवढी शूर आहेस तर!"

"बघाच!"

आत ताज्या रंगाचा उग्र वास. जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर शिडी भिंतीला टेकवलेली. तिने पाय ठेवताच शिडी डुगडुगली.

टकटक.

शिडी जमिनीत रोवल्यासारखी घट्ट झाली. पाय आपसूक वर गेले. दुसरी पायरी. तिसरी.

"ए, पुरे झाली मस्करी, सोडा आता," ती हसत म्हणाली.

"काय सोडा? आम्ही इथेच आहोत!" आवाज दारातून आला.

तिने खाली पाहिलं. कुणी नव्हतं.

शिडीच्या पायाशी प्लास्टिक दोन जागी दबलं होतं. माणसाच्या तळपायांएवढं.

एक दबलेली जागा हळूच वर आली.

मग दुसरी.

तिने उडी मारली. मागोमाग शिडी घसरत आली.

संध्याकाळी बाबा कामाचे कपडे पिशवीत भरत होते. भोंगा आई-बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"काम सोडा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, माहितीय मला. म्हणून उद्या मी तास बुडवणार आणि शिडी मीच धरणार."

"वेडी की काय!" आई म्हणाली.

"ऐक ना, आई. बाबा, मी दांडा वाजवणार नाही, ओरडणार. टकटक ऐकू आली तर ती मी नाही. चढू नका."