मंदाकिनीबाईंच्या रक्तातले पहारेकरी

पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी घोरपडे गेली सहा वर्षं एकाच बाईच्या रक्तावर काम करत होती. ती बाई म्हणजे तिची आई. मिरजेच्या मंदाकिनीबाईंना एचआयव्हीची लागण झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. तो वर्षभरात गेला, सासरच्यांनी गरोदर सुनेला बाहेर काढलं. त्या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली होती. बाईंनी एकही गोळी घेतली नव्हती, तरी विषाणू डोकं वर काढत नव्हता. शर्वरी जन्मली ती निरोगी.

सगळ्यांना वाटायचं, बाईंची प्रतिपिंडं असामान्य असणार. शर्वरीने ती दुसऱ्या रुग्णांच्या रक्तात मिसळून पाहिली. काहीच घडलं नाही.

"प्रतिपिंड फक्त खूण करतं," तिचे वरिष्ठ डॉ. मुजावर म्हणाले. "या पेशीत विषाणू आहे, एवढंच सांगतं. ती खूण ओळखून पेशीला मारायचं काम नैसर्गिक मारक पेशींचं. आईच्या मारक पेशी घालून बघ."

तिने घातल्या. लागण झालेल्या बहुतेक पेशी सहा तासांत संपल्या. मग त्या मारक पेशींची जनुकं वाचायला दिली, आणि अहवाल पाहून मुजावरांनी नमुना भेसळला असणार म्हणून तपासणी पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदाही तेच आलं. त्या पेशींची निम्मीच जनुकं मंदाकिनीबाईंची होती.

निम्मी आईची, म्हणजे या पेशी आईच्या बाळाच्या, हे शर्वरीने ताडलं. गरोदरपणात वारेतून आईची प्रतिपिंडं बाळाकडे जातात, हे ती विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवायची. पण त्याच वाटेने बाळाच्या काही पेशीही आईकडे जातात आणि तिथे अनेक वर्षं टिकतात. तिने स्वतःचं रक्त तपासलं. तंतोतंत जुळलं. तिच्या पेशींना ती खूण जन्मतःच नेमकी ओळखता येत होती.

"म्हणजे पुढच्या रुग्णांसाठी रक्त आता तुझंच लागणार," मुजावर म्हणाले. तिने लगेच बाही वर केली.

रविवारी ती मिरजेला गेली आणि आईला सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शोधनिबंधात आपला उल्लेख कसा असेल, ते विचारलं. शर्वरी म्हणाली, नियमाप्रमाणे फक्त क्रमांक असतो, नाव गुप्त ठेवतात.

बाई ताठ बसल्या.

"गुप्त कशाला? मी सही करून देते. मंदाकिनी घोरपडे लिही, मिरज. आणि पेशी कुणाच्या, तेही लिही. माझ्या मुलीच्या."