उठायला विसरलेली झाडं

“दोन घड्या! तीन नाहीत!” पत्रकं दुमडत बसलेल्या मुलांना अध्यक्षकाका तिसऱ्यांदा म्हणाले. “पत्रक उघडल्याबरोबर माणसाला आधी झाड दिसलं पाहिजे!”

“पण आधी तुमचाच फोटो दिसतोय,” रेडिओ म्हणाला.

ढापणीने टेबलाखालून धाकट्या भावाला चिमटा काढला. तो नऊ वर्षांचा होता आणि त्याचं बोलणं बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. तिचं नेमकं उलट होतं. चष्म्याआडून ती सगळं पाहायची, मनात साठवायची आणि बोलायची वेळ आली की मान खाली घालायची.

वाचनालयाच्या माडीवर नगर वृक्ष मंडळाची बैठक चालू होती. मंडळात सात जण होते आणि सातही जण हौसेने काम करणारे. अध्यक्षकाकांनी भूमापक म्हणून आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी झाडं मोजायला घेतली. ढापणीची आत्या मंडळाची चिटणीस होती. ती मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती आणि दिवसपाळी-रातपाळीतून उरलेला वेळ झाडांना द्यायची. शहरातल्या लोकांना झाडांची ओळख व्हावी, त्यांच्याविषयी माया वाटावी, म्हणून मंडळ दर रविवारी एका झाडाखाली कार्यक्रम घेई. त्याचं नाव होतं ‘झाडाचं वय सांगा’. एक पोकळ गिरमिट खोडात फिरवायचं, पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर काढायची आणि तिच्यावरच्या रेघा मोजायच्या. मग भोक मेणाने बुजवायचं. लोक टाळ्या वाजवायचे.

“या रविवारी नववा कार्यक्रम,” आत्या पिशवी आवरत म्हणाली. “आपल्याच इमारतीच्या अंगणातल्या शिरीषाखाली. साडेआठला. मी पाळी संपवून थेट तिथेच येते. आजोबांना खिडकीतून सगळं दिसेल, काय गं?”

ढापणी हसली. आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची खिडकी त्या शिरीषाने भरून गेली होती. शिरीषाची पानं सांजवेळी मिटतात आणि सकाळी उघडतात. आजोबांनी घड्याळाकडे बघणं केव्हाच सोडलं होतं. “झाड झोपलं का गं?” ते रोज संध्याकाळी विचारत. ती “झोपलं” म्हणाली की मगच ते डोळे मिटत.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि नकाशा दारात येऊन थबकला. हा मुलगा कुठेही गेला तरी वहीत आधी रस्ता काढायचा, म्हणून त्याचं हे नाव. आज त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“टपाल कार्यालयासमोरचं शिरीषाचं झाड,” तो धापा टाकत म्हणाला, “आज उठलंच नाही!”

* * *

भर दुपारचं ऊन होतं, तरी त्या झाडाखाली वेळ चुकल्यासारखं वाटत होतं. वरची सगळी पानं मिटलेली होती. वारा आला तरी ती सळसळत नव्हती, नुसती लोंबत होती. रस्त्यावरची माणसं खाली बघत जात-येत होती. मान वर करून पाहणारे फक्त ते तिघंच.

“झोपलंय अजून,” रेडिओ कुजबुजला. तो कुजबुजला, यावरूनच प्रसंग किती गंभीर होता ते कळावं!

“हे पहिलं नाही,” नकाशाने वही उघडली. “बसथांब्याचं झाड तर पार वाळून गेलंय. मग गॅरेजसमोरचं, मग बागेच्या फाटकाचं, मग धोबीगल्लीतलं. कोणतं केव्हा मिटलं ते मी आसपासच्या दुकानदारांना विचारून आलो. एकामागून एक. साधारण आठवड्याला एक!”

“कुणीतरी मारतंय त्यांना,” ढापणी हळूच म्हणाली.

ती खोडाजवळ गेली. तिच्या खांद्याइतक्या उंचीवर बटणाएवढा मेणाचा ठिपका होता. त्याच्याभोवतीची साल काळपट ओली झाली होती, जणू झाड तिथून मुकाट्याने रडत होतं.

“मला माहीत आहे कोण ते!” रेडिओला आवाज परत सापडला. “गॅरेजवाला! त्या झाडामुळे त्याची पाटी दिसत नाही. आणि काल तो डबा घेऊन मुळाशी काहीतरी ओतत होता. तेलाचा डबा!”

* * *

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते गॅरेजात शिरले तेव्हा गॅरेजवाला एका मोटारीखाली झोपला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

“तुम्ही झाडाला तेल का घालता?” रेडिओने पायांनाच विचारलं.

पाय हलले. मग काळंकुट्ट तोंड बाहेर आलं. “काय म्हणालास?”

“तुमची पाटी झाकली जाते म्हणून तुम्ही…”

“अरे शहाण्या!” गॅरेजवाला उठून बसला. “त्याच्या सावलीत माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या राहतात. ते झाड मेलं तर माझा धंदा उन्हात जाईल! डबा तेलाचा, पण आत पाणी असतं. तीन वेळा घासून धुतलाय, वास घेऊन बघ.” त्याने डबा पुढे केला आणि त्याचा आवाज एकदम उतरला. “तीन आठवडे पाणी घालतोय रे. पीतच नाही ते.”

गॅरेजसमोरचं झाड दारातून दिसत होतं. त्याची उरलीसुरली पानं पिवळी पडून गाड्यांच्या टपांवर पसरली होती.

“विचारायचंच झालं तर तुमच्या मंडळाला विचारा,” तो हात पुसत म्हणाला. “ते गिरमिट धार लावायला माझ्याकडेच येतं. मागच्या आठवड्यात आणलं, तर आत सगळा लाकडाचा चोथा चिकटलेला, काळा आणि आंबूस. म्हटलं, रॉकेलने धुऊन देतो. तर अध्यक्षसाहेब म्हणाले, राहू दे, घाई आहे.”

ढापणीने पिशवीतून घडी घातलेलं एक पत्रक काढलं. काल तिने अशी चारशे पत्रकं दुमडली होती, पण मागची बाजू एकदाही वाचली नव्हती. तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं: ‘आजवरचे कार्यक्रम’. बसथांबा. गॅरेज चौक. बागेचं फाटक. धोबीगल्ली. टपाल कार्यालय. त्यापुढे आणखी तीन नावं.

नकाशाने वही त्याच्याशेजारी धरली. पहिल्या पाचांचा क्रम तोच. एकही नाव इकडचं तिकडे नव्हतं.

“कार्यक्रम झाल्यावर तीन आठवडे,” तो बोटं मोजत म्हणाला, “कधी दोनचार दिवस जास्त. मग झाड मिटतं.” त्याने यादीवर बोट पुढे सरकवलं. “यादीत सहावं आहे पाण्याच्या टाकीजवळचं. आणखी दोन दिवसांत ते उठणार नाही.”

“आणि नववं?” रेडिओने विचारलं.

“आपला शिरीष,” ढापणी म्हणाली आणि तिने पत्रक दुमडून पिशवीत टाकलं.

* * *

शनिवारी सकाळी तिघं टाकीजवळ जाऊन उभे राहिले. ऊन भिंतीवरून उतरलं, रस्त्यावर आलं, खोडावर चढलं. समोरच्या दुकानांची दारं उघडली. शेजारच्या झाडाने हळूहळू आपली पानं उलगडली. हे मात्र मिटलेलंच राहिलं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं एवढं वाईट त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

ते तिथून थेट अध्यक्षकाकांच्या घरी गेले. काका उद्याच्या भाषणाची टिपणं काढत होते.

“गिरमिटाने झाडं मरतात?” ते हसले. “बाळांनो, एवढंसं भोक! डास चावल्याइतकं. त्यात हा उन्हाळा कडक आहे.”

“पण काका, यादीतला क्रम…” नकाशाने वही पुढे केली.

“योगायोग! सुट्टीत डोकं रिकामं राहिलं की असंच व्हायचं. उद्या मित्रांना घेऊन या, पुढे बसवतो. आणि हो, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये!”

आत्याची दुहेरी पाळी होती. ती उद्या सकाळपर्यंत भेटणार नव्हती. नगराच्या रोपवाटिकेतले माळीकाका झाडांचं दुखणं ओळखतात, असं सगळे म्हणत. पण रोपवाटिकेच्या फाटकाला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं: रविवारी सकाळी आठ वाजता उघडेल.

“आठला फाटक, साडेआठला कार्यक्रम,” नकाशा म्हणाला. “सायकलने यायला चाळीस मिनिटं. मी टाकीजवळच्या झाडाची वाळकी फांदी घेऊन जातो. पण तुम्ही त्यांना थोडा वेळ थोपवून धरा.”

“किती वेळ?” रेडिओने विचारलं.

“जमेल तेवढा.”

“बोलून?”

“बोलून.”

रेडिओचा चेहरा उजळला. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी बोलायला सांगितलं होतं!

त्या संध्याकाळी आजोबांनी विचारलं, “झाड झोपलं का गं?” ढापणीने खिडकीबाहेर पाहिलं. पानं एकमेकांना बिलगत होती, रोजच्यासारखी. “झोपलं,” ती म्हणाली. त्यानंतर बराच वेळ ती खिडकीशीच उभी राहिली.

* * *

रविवारी अंगण माणसांनी भरून गेलं. खुर्च्या मांडल्या होत्या, फलक लागले होते, लहान मुलं पुढे बसली होती. वर खिडकीत उशांना टेकून आजोबा पाहत होते. आत्या डोळे चोळत दवाखान्यातून आली आणि तिने पेटी उघडली. गिरमिट उन्हात चमकलं. अध्यक्षकाकांनी भाषण आवरतं घेतलं.

“काही शंका असेल तर आत्ताच विचारा!” ते म्हणाले. ती त्यांची मोठी चूक ठरली.

रेडिओ ताडकन उभा राहिला. “काका, झाडाला दुखतं का?”

“नाही, बाळ.”

“गुदगुल्या होतात का?”

“नाही.”

“वय चुकलं तर झाड रागावतं का? मधेच मुंगी आली तर तिचंही वय कळतं का? काका, तुमचं वय किती?”

“अडुसष्ट.”

“भोक न पाडता कसं कळलं?”

अंगणभर हशा पिकला. अध्यक्षकाकांचे कान लाल झाले. रेडिओने आणखी सतरा प्रश्न विचारले. ढापणी फाटकाकडे पाहत होती. रस्ता रिकामा होता.

“पुरे!” अध्यक्षकाका गरजले. “करा सुरुवात!”

आत्याने गिरमिटाचं टोक खोडाला लावलं.

ढापणीची मान रोजच्यासारखी खाली गेली. शंभर माणसं पाहत होती. तिने वर पाहिलं. खिडकीत आजोबांनी आपला हात गजांवर ठेवला होता. ती उठली.

“आत्या!” आवाज तिचाच होता, पण तिला तो अनोळखी वाटला. “दवाखान्यात तू एका पेशंटची सुई दुसऱ्याला टोचतेस?”

“काय वेड लागलंय का तुला?” आत्या वळून म्हणाली. “असं कधी कुणी…”

वाक्य तिथेच तुटलं. तिची नजर हातातल्या गिरमिटावर गेली आणि तिथेच खिळली. मग तिने गिरमिट मागे घेतलं, पिशवीतून कापूस काढला, काडीला गुंडाळला आणि पोकळीत फिरवला. कापूस बाहेर आला तो काळा होऊन.

“देवा,” ती म्हणाली, “मी एकदाही धुतलं नाही. एकदाही.”

तेवढ्यात सायकलची घंटी कर्कश वाजली. पुढे नकाशा, मागे माळीकाका, आणि त्यांच्या हातात वाळकी फांदी! माळीकाकांनी कोयत्याने ती सर्वांसमोर छाटली. पांढऱ्या लाकडाच्या आत काळं कडं उमटलेलं होतं.

“बुरशी आहे ही,” ते म्हणाले. “झाडाच्या पाण्याच्या वाटा बुजवते. मुळाशी कितीही पाणी घाला, झाड तहानेनेच मरतं. आणि ती एका झाडातून दुसऱ्यात जाते हत्यारावरून. पहिलं झाड कोणतं होतं तुमचं?”

अध्यक्षकाका खुर्चीत बसले. एका क्षणात ते फार म्हातारे दिसू लागले. “बसथांब्याचं,” ते म्हणाले. “ते आधीच पिवळं पडलं होतं. मीच म्हणालो होतो, हात बसेपर्यंत सराव आजारी झाडावरच करू. निरोगी झाडाला उगाच इजा नको.”

ते उठले आणि सगळ्यांसमोर तिघा मुलांकडे वळले. “काल तुम्ही माझ्या दारात आला होतात आणि मी तुम्हाला हसून घालवलं. आठ झाडांना मी माया लावायला गेलो आणि… तुम्ही नववं वाचवलंत. माझं चुकलं, पोरांनो. तुम्ही नाक खुपसलंत ते फार बरं केलंत!”

आधी गर्दीतल्या गॅरेजवाल्याने टाळी वाजवली, मग सगळ्या अंगणाने. माळीकाकांनी रेडिओचा कान प्रेमाने पिळला. आत्याने ढापणीला जवळ ओढलं; तिच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता.

“सातवं आणि आठवं वाचतील का?” नकाशाने विचारलं.

माळीकाकांनी खोटा धीर दिला नाही. “प्रयत्न करू,” ते म्हणाले. “पण ती दोन्ही झाडं रोज सकाळी कुणीतरी पाहायला हवीत.”

“आम्ही पाहू,” ढापणी म्हणाली. त्या दिवशी तिला बोलणं सोपं जात होतं.

मंडळाने चारशे पत्रकं रद्दीत घातली. नव्या पत्रकावर अध्यक्षकाकांचा फोटो नव्हता. पहिली ओळ होती: ‘झाडाला हात लावण्याआधी हत्यार धुवा.’ आणि खाली, बारीक अक्षरांत, आठ झाडांची नावं होती.

रविवारी संध्याकाळी मात्र आजोबांनी काही विचारलं नाही. ते बराच वेळ मिटत्या पानांकडे पाहत राहिले. “तुझा आवाज वरपर्यंत आला हो,” ते शेवटी म्हणाले. “चांगला खणखणीत आहे. जपून ठेव.”

दुसऱ्या दिवशी ढापणी उजाडायच्या आत खिडकीशी येऊन बसली. गिरमिटाचं टोक खोडाला नुसतं टेकलं होतं, साल फुटली नव्हती. तिला ते ठाऊक होतं. तरीही ती श्वास रोखून बसली. भिंती करड्या झाल्या, मग पिवळ्या. झाड काळंच होतं. मग अगदी वरच्या फांदीवर एक पान थरथरलं आणि दोन्ही बाजूंनी उलगडू लागलं.

मागून आजोबांचा आवाज आला. “काय गं? उठलं का?”

“उठलं,” ती म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली.