दुसरा ब्रेक

कालव्याच्या पुलावर गाडी बंद पडली तेव्हा माझ्यामागं उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या, त्यांच्यामागं इंदापूरची एसटी होती, आणि एसटीच्या खिडकीतून आमच्या शाळेच्या माधवीबाई डोकं बाहेर काढून बघत होत्या. दुसरं कुणी असतं तर चाललं असतं हो. पण माधवीबाईच नेमक्या!

चावी फिरवली, गाडीनं उडी मारली आणि बंद. परत चावी, परत उडी. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. लायसन्स माझ्या पर्समध्ये होतं, फोटोसकट. तीन वर्षांपूर्वी पहिल्या फटक्यात मिळालेलं, आणि त्यानंतर स्टेअरिंगला हात न लावल्यानं कोरं करकरीत राहिलेलं.

समोरून येणारी एक पांढरी गाडी कडेला थांबली. छतावर पाटी – तांबोळी मोटार ड्रायव्हिंग स्कूल. तिच्यातून एक उंच, सावळा माणूस उतरला आणि माझ्या काचेपाशी वाकला. बडीशेपेचा वास आला.

"मॅडम, समजावून सांगू का मीच काढू? समजावत बसलो तर ट्रॉलीवाला मला कालव्यात टाकील."

मी मुकाट्यानं शेजारच्या सीटवर सरकले. त्यानं गाडी अलगद पुलापलीकडं नेली, लिंबाखाली लावली. गाडीत काही बिघाड असेल का, असं मी विचारलं. खरं तर मला बिघाड हवा होता.

"गाडीत काय बिघाड न्हाय, मॅडम," तो म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून घाईनं, "म्हंजे… होतं असं कुणाचंबी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माझी ओळख सांगते, म्हणजे ही लाज दुप्पट का होती ते कळेल. मी फरहीन. राहते बारामतीत, शिकवते अंथुर्ण्याच्या शाळेत. शाळेत माझ्या माघारी मला 'जमेलबाई' म्हणतात. पोरांना गणित येईना, मी म्हणणार जमेल. माधवीबाई प्रोजेक्टरला हात लावायला घाबरत होत्या, तर त्यांच्याशेजारी बसून त्यांना शिकवणारी मीच. जमेल की, बाई. आणि ही जमेलबाई भर पुलावर बेडकासारखी उड्या मारत होती!

गाडी अब्बांची. मोतीबिंदूनंतर त्यांना चालवता येईना. माझ्या थोरल्या भावाला, अफजलभाईला, पुण्यात नोकरी लागली, तिकडं गाडी ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, रमजानच्या आत फरहीनला आली नाही तर विकून टाकू. अब्बा शांतपणे म्हणाले, माझी लेक चालवील. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते विश्वास ठेवून बसले.

तेव्हा मी गेले तांबोळी ड्रायव्हिंग स्कूलला. पुलावरच्या त्या माणसाचं नाव मुबीन. सांगवीचा. पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणं मुबीनभाई म्हणाले. तो आरसा नीट करत म्हणाला, "भाई सोडून काहीबी म्हणा."

"मग सर म्हणू?"

"म्हणा… तूर्तास."

त्या 'तूर्तास'वर माझा क्लच सुटला आणि गाडी गचकली. तो हसला नाही, पण खिडकीबाहेर बराच वेळ बघत राहिला. मी हट्टानं मुबीनभाईच म्हणत राहिले. म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा, आणि मला तो पडलेला बघायला आवडायचं… काय करणार!

आणि स्कूलची गाडी काय चालायला लागली म्हणता! चौकात हळूच थांबायची, स्पीडब्रेकरवर हळूच चढायची. जमलं ना, मी विचारायची. मस्त, तो म्हणायचा. घरी अब्बांना सांगितलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. माधवीबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलले.

मग एक दिवस एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर एक शेळी आडवी आली आणि गाडी जागच्या जागी थांबली. शेळी निवांत निघून गेली. मी खाली बघितलं. माझा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होता.

मग मी त्याच्या पायाकडं बघितलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, हे काय मला माहीत नव्हतं? पण तो तिथं असतो आणि तो सतत वापरला जातो, यात फरक आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याची बडीशेप चघळायची थांबली.

"पहिल्या दिवसापासनं," तो शेवटी म्हणाला. "तुमी थांबल्यावर इतक्या खूश व्हायच्या… मला वाटलं, भीती जाऊ दे आधी. मग सांगू. मग सांगवंना."

"म्हणजे मला काहीच येत नाही."

"तसं न्हाय."

"पेढे वाटलेत मी, मुबीनभाई."

मी गाडीतून उतरले आणि रिक्षा धरली. रागापेक्षा लाजच जास्त होती. माझ्या त्या 'जमलं ना'ला तो मनात काय म्हणत असेल, याचा विचार करत रात्रभर कूस बदलत राहिले. त्याचे फोन आले, उचलले नाहीत. अब्बांना सांगितलं, शाळेत स्पर्धेची गडबड आहे.

गडबड होतीच. आमची सातवीतली निकिता वक्तृत्वाला बारामतीला जाणार होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोर. तिला मी तयार केली होती, याचा मला कोण अभिमान! तालमीचा व्हिडिओ माधवीबाईंनी काढला आणि कौतुकानं माझ्यापुढं धरला.

बघा, किती छान बोलते, त्या म्हणाल्या. मी बघत होते, पण निकिताला नाही. कोपऱ्यात मी स्वतः दिसत होते. निकिताच्या प्रत्येक वाक्याआधी माझे ओठ हलत होते, आणि निकिताची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. पोर बोलतच नव्हती. मी बोलत होते, तिच्या तोंडून.

मला मुबीनचा पाय दिसला. त्याला नावं ठेवून घरी बसले होते, आणि मी काय वेगळं करत होते? तो भीतीपोटी करत होता, मीही. ती अडखळली तर तिचं हसं होईल, आणि खरं सांगायचं तर माझंही. मान वर करून माधवीबाईंकडं बघवेना.

निकिताला मी सांगून टाकलं, परवा स्पर्धेत मी पुढं बसणार नाही. तिचे डोळे भरले. माझेही भरले, पण शब्द मागं घेतला नाही.

स्पर्धेत मी शेवटच्या रांगेत, एका जाडजूड पालकामागं बसले. विषय होता 'माझं गाव'. निकिता धडाधड बोलली आणि मध्येच थांबली. सभागृह शांत. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ओढणी दातात धरली. जरा उठून तिला दिसले असते तरी पोर सावरली असती, पण नाही उठले. त्या शांततेत मला घाम फुटला.

मग निकिता म्हणाली, "माझी आज्जी सरुबाई. ती भेंडी घिऊन बाजारात बसती. तिला वाचता येत न्हाय, पर ती वराडली की सगळा बाजार वळून बघतो. मीबी तिचीच नात हाय." लोक हसले. ती घाबरली नाही, ती पण हसली. मग आज्जी, भेंडी, पाटाचं पाणी, सगळं तिच्याच बोलीत सुरू झालं, घंटा वाजेपर्यंत.

नंबर आला नाही. बाहेर वडापाव खाताना ती म्हणाली, बाई, तुमी दिसलाच न्हाय, मग मी आपलंच बोलले. मी तिच्या तोंडावरची चटणी पुसली आणि संध्याकाळी मुबीनला फोन केला.

"उद्या क्लास आहे का?"

"तुमच्यासाठी… रोज हाय."

"एक अट आहे. पाय वर."

तो खरंच सीटवर मांडी घालून बसला. एवढा उंच माणूस, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, हात मांडीखाली दाबून धरलेले. मला हसू आलं. चौकात दोनदा बंद पडली. एका स्पीडब्रेकरवर त्याचं डोकं छताला आपटलं. तरी त्याचे हात मांडीखालीच.

आणि मग तोच पूल. पुढचा ट्रॅक्टर थांबला, मीही थांबले, चढावर. ट्रॅक्टर निघाला. माझी गाडी गचकली आणि बंद. मागून हॉर्न. कान तापले. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण मांडी मोडली नाही.

"मी त्या दिवशी चुकलो," तो समोर बघतच म्हणाला. "मला वाटायचं, तुमी शिकलात की यायच्या बंद व्हाल. म्हणूनबी ब्रेक दाबत असंन… आता काय ते सांगून टाकतो. मला तुमी आवडता. अम्मीला सांगितलंय मी. तुमी न्हाय म्हणालात तरी पाय वरच ऱ्हातील."

"हे आत्ता सांगायचं? पुलावर?"

"पुलावरच तर भेटलो."

मागचा ट्रॉलीवाला काहीबाही बोलत होता. मी चावी फिरवली. हँडब्रेक धरला, क्लच हळू, अजून हळू, जिथं गाडी थरथरते तिथं थांबवला… आणि सोडला. गाडी मागं सरकली नाही. उडीही मारली नाही. निघाली.

पूल संपला, लिंब मागं गेलं. थांबायचं तिथं मी थांबले, वळायचं तिथं वळले. घराच्या गल्लीत शिरलो. अब्बा फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना लांबचं दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून ते उठून उभे राहिले. मी गाडी त्यांच्यापुढं नेऊन उभी केली. माझ्याच पायानं.

शेजारी तो अजून तसाच अवघडून बसला होता.

"पाय खाली सोडा आता, मुबीन," मी म्हटलं. "मुंग्या येतील."

'भाई' नव्हतं, हे त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले आणि मांडी काही केल्या सुटेना. शेवटी अब्बांनीच त्याला हात धरून बाहेर काढलं.