सहा मिनिटं, हात न लावता

उत्तरेचा वारा सुटला की वेराक्रुझ बंदरात माणूस दिसेल त्या दुकानात शिरतो. मीही शिरले, म्हणून जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एवारिस्तोची गाठ पडली – नाहीतर वडिलांची, म्हणजे पापांची, व्हिडिओ टेप मी आणखी चार वर्षं पर्समध्येच वागवली असती. कुणाच्या हाती द्यायची हिंमतच होत नव्हती.

भिंतीवर पाटी होती : ‘रेकॉर्डिंग चालू असताना कॉम्प्युटरला कुणीही हात लावू नये.’

“टेपमध्ये काय आहे?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?”

“बुरशी धरलीय, सेन्योरिता. पुसून देईन, पण फार तर तीनदा चालेल. म्हणून विचारलं.”

मग नाव सांगितलं, यादिरा, आणि बाकीचंही सांगावंच लागलं. पंधराव्या वाढदिवसाला आमच्याकडे सगळ्या मुली वडिलांबरोबर वॉल्ट्झ नाचतात. पापांनी माझ्याबरोबर दान्सोनच धरला, आमच्या बंदरातला जुना संथ जोडीनाच. सहा मिनिटांचं तेवढंच चित्रण उरलंय, आणि पापा नाहीत. आईला ते एकदा पुन्हा नाचताना पाहायचे होते.

टेप तिथं ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. मंगळवारी मी स्टूल ओढून शेजारीच बसले. टीव्हीवर पापा नाचत होते, आणि हा स्क्रीन स्वतःकडे वळवून काहीतरी टाइप करत होता. मी जरा वाकले की झटकन बंद.

“काय लिहिताय?”

“नोंदी...”

कान लाल झाले होते त्याचे. नोंदी करताना कुणाचे कान लाल होतात?

उतरवलेलं चित्रण कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. दान्सोनमध्ये मध्येच थांबायचं असतं, हातपंख्यानं वारा घ्यायचा, आणि नेमक्या ठोक्यावर पुन्हा पाऊल टाकायचं. इथं पापांचं पाऊल ठोक्याच्या आधीच पडत होतं. पापा तो ठोका जन्मात कधी चुकले नव्हते.

“एकेचाळीस फ्रेम गळल्या,” तो पुटपुटला. “सेकंदाला तीस चित्रं येतात. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की काही सुटतात... मग चित्र पुढे पळतं, आवाज मागे राहतो.”

“आणि हे दुसरं काम कोणतं?”

“बघतो. इंटरनेट काढून टाकतो.”

शुक्रवारी पुन्हा तीच टकटक, तेच लाल कान आणि पुन्हा गळलेल्या फ्रेम. माझ्या मनात पाल चुकचुकली. याची कुणी मैत्रीण असणार आणि तिला पत्रं लिहिण्यापायी हा माझ्या पापांचा ताल बिघडवतोय. त्याचा राग आलाच. त्या मैत्रिणीचा जरा जास्तच आला, आणि हे मला मुळीच आवडलं नाही.

तो कॉफी आणायला बाहेर गेला, तशी मी स्क्रीन वळवली.

‘यादिरा, टेप तीनदाच चालणार. म्हणजे तू तीनदाच येणार. कसं सांगू –’

तो दोन ग्लास घेऊन दारात उभा होता.

“पाटी कुणासाठी लावलीय?” मी विचारलं.

“गिऱ्हाइकांसाठी.” त्यानं मान खाली घातली. “वाटलं, चार ओळींनी काय होतंय. पण पत्र आपोआप सेव्ह होत राहतं... टेप उतरते त्याच डिस्कवर.”

“दोनदा पापांना चुकवलंस.” मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “आता एकदाच उरलंय.”

“पुसतो पत्र.”

“आधी पूस.”

त्यानं पुसलं. बाकी सगळं बंद केलं, रिकामी डिस्क जोडली, टेप सुरू केली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. मीही तशीच बसले. तावदानं वाऱ्यानं थरथरत होती.

“बोलल्यानं फ्रेम गळतात?” मी हळूच विचारलं.

“नाही. टेपचा आवाज वायरीतून जातो.”

“मग लिहिलं होतंस ते सांग. हात न लावता.”

तो सांगू लागला... अडखळत, मध्येच थांबत. मी नजर पापांवरच ठेवली, पण ऐकलं सगळं.

गळलेल्या फ्रेम : शून्य. उतरवलेलं लावून पाहिलं. पापा थांबले, ठोका पडला आणि पाऊल बरोबर त्यावर आलं. मी रडले, मग हसले.

“टेप संपली,” तो म्हणाला. “आता तू कशाला येशील?”

“आता तू यायचंस. रविवारी, आईला दाखवायला. दान्सोन येतो?”

“नाही गं. ठोका चुकेल माझा.”

“चुकू दे,” मी म्हटलं. “तुझा चालेल.”