वरचा ठसा

शिबिराच्या आदल्या दिवशी मी चामोर्शीच्या आठवडी बाजारात चाळणी घ्यायला गेले होते. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, पिठाची देऊ का रव्याची?" मी म्हटलं, "मातीची." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. आता तुम्हीही हसाल, पण बसा, थंडी आहे, शेकोटीजवळ सरका आणि पुढचं ऐका.

मी सुरय्या. चंद्रपुरात सात वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि मग जंगलाला लागून असलेल्या या निसर्ग शिक्षण केंद्रात आले. त्याला आता बारा वर्षं झाली. अम्मी अजून म्हणते, चांगली नोकरी सोडून पोरगी माती चाळते. तिचं खरंच आहे. चौकसपणा हा माझा जुना आजार आहे, त्याला औषध नाही.

दर हिवाळ्यात, धानाची कापणी उरकली की आम्ही गावातल्या बायांसाठी पाच सकाळींचं शिबिर घेतो. पाखरं, झाडं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाघाचे ठसे. या बाया सरपणाला जंगलात जातात. वाघ आज सकाळी गेला की परवा, हे जमिनीवरून ओळखता आलं तर जीव वाचतो. म्हणून केंद्रामागच्या गाडीवाटेवर मी चाळलेल्या मातीचा एक आडवा पट्टा तयार करते. संध्याकाळी तो झाडून सपाट करायचा आणि सकाळी कोण येऊन गेलं ते वाचायचं. नियम सोपा आहे. एका ठशावर दुसरा पडला असेल, तर ज्याचा ठसा वर, तो नंतर गेला.

त्या वर्षी बारा बाया होत्या. पहिल्याच सकाळी फजिती झाली. दव इतकं पडलं होतं की मातीचे गोळे झाले आणि त्यावर काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या. तेवढ्यात गुणाबाई बोलली. पन्नाशीची, काटक, कधी तोंड न उघडणारी बाई.

"मॅडम, वरतून तांदळाचं पीठ टाका. बारीकातलं बारीक उमटते."

संध्याकाळी तिनंच टोपलीत झाकून पीठ आणलं आणि स्वतःच्या हातानं पट्टाभर चाळलं. मी खूश झाले. वहीत 'लोकज्ञान' असा मथळा घालून नोंदही केली. मात्र पिठावर ठसा उमटतो हे हिला कसं माहीत, एवढं विचारायचं माझ्यासारख्या चौकस बाईला सुचलं नाही. पुढचं सगळं त्या एका चुकीतून झालं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. सागाच्या पानांवरून दव टपटपत होतं, बाकी आवाज नाही. पट्ट्यावर वाघिणीचे पंजे होते, जंगलातून आमच्याकडे येणारे, स्वच्छ. आणि त्याच ओळीत माणसाची अनवाणी पावलं होती.

मी चिडले. "माझ्याआधी कोणी चालायचं नाही म्हटलं होतं ना? चपला काढून कोण आलं होतं?"

सगळ्या नाही नाही म्हणू लागल्या. मी वाकून पाहिलं. बाईचं पाऊल होतं, आणि डाव्या पायाला करंगळी नव्हती. मग काय, एकेकीनं थट्टेनं चपला काढून बोटं मोजून दाखवली. सगळ्यांची पुरती होती. हसून हसून पुरेवाट झाली. गुणाबाई तेवढी हसली नाही.

रात्रपाळीचा चौकीदार पोचूभाऊ केंद्राच्या फाटकाजवळ उभा होता. तो म्हणाला, "फाटक तं बंद होतं मॅडम. इथून कोणी गेलं नाई."

बाईच्या पावलावर पंजा पडला होता. म्हणजे बाई पुढे, वाघीण मागे. मी दोन्हींचे प्लास्टरचे ठसे घेतले. पट्ट्याच्या पुढे मुरुमाची टणक जमीन आहे, तिथं काही कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच पाऊल, पुन्हा तोच पंजा. पण या वेळी पाऊल वर होतं.

"म्हणजे वाघीण पुढं गेली अन् बाई मांगून," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. माझा धडा त्या चांगलाच शिकल्या होत्या. मी टेप लावून अंतरं मोजली. पळणाऱ्याची ढांग लांब पडते. ही पावलं सावकाश होती. दोघी सावकाश चालल्या होत्या. मला भीती वाटायला हवी होती, पण माझं डोकं फक्त कोण, कुठून, कसं एवढंच विचारत होतं.

बाया गेल्या. गुणाबाई मागे राहिली.

"दुर्गाचं पाऊल हाये मॅडम," ती म्हणाली. "माही लहान बहीण. दोघी एकाच घरी देल्या, म्हून जाऊ पण तेच. धान कापताना विळ्यानं करंगळी गेल्ती तिची."

तीन हिवाळ्यांपूर्वी दुर्गा सरपणाला गेली आणि आली नाही. मोळी सापडली, लुगड्याचा काठ सापडला, बाकी काही नाही.

"त्या दिवशी सरपणाची पाळी माही होती मॅडम. मले ताप होता म्हून ते गेली." गुणाबाईनं पदर तोंडाशी धरला. "तेराव्याले घरी पीठ पसरलं, टोपली झाकली. जीव घरी आला का पिठावर खूण उमटते. सकाळी टोपली उचलली तं पीठ जसंच्या तसं. आलीच नाई. माह्यावर रागावली म्हून आली नाई..."

"मग इथं पीठ काऊन टाकलं?" मीही तिच्याच बोलीत विचारून गेले.

"तुमीच म्हटलं ना, या पट्ट्यावरून जो जाते तो सुटत नाई."

मला एकदम रडू आलं. बारा वर्षं शिकवतेय, पण माझ्या शब्दांवर इतका भरवसा आजवर कुणी ठेवला नव्हता.

आता तिला एकच हवं होतं. घरच्या माणसानं जंगलाच्या तोंडाशी जाऊन हाक मारायची आणि मागे न पाहता घरी चालत यायचं, म्हणजे अडकलेला जीव मागोमाग येतो. ती दुसऱ्या दिवशी पहाटे एकटी आत जाणार होती. आत खरीखुरी वाघीण होती, तिचे ठसे माझ्या टेबलावर वाळत पडले होते. मी खूप समजावलं. शेवटी ठरलं की मी सोबत जायचं आणि पट्ट्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. खरं सांगते, मला तिची काळजी होती, पण तेवढीच पाहायची हौसही होती.

चौथ्या दिवशी झुंजूमुंजू होताना आम्ही पट्ट्यापाशी पोचलो. पोचूभाऊ काठी घेऊन फाटकात उभा. पट्टा कोरा होता. गुणाबाई क्षणभर थांबली आणि मी काही बोलायच्या आत तो ओलांडून पलीकडे गेली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. तिनं धुक्यात पाहिलं आणि हाक मारली.

"दुर्गे... चाल वं घरी... माहा ताप उतरला..."

दूर एक वानर खाकरलं आणि मध्येच गप्प झालं. ओल्या लाकडाचा, नुकत्याच तोडलेल्या सालीचा वास आला. गुणाबाई वळली. मीही वळले. आम्ही पट्टा ओलांडला, फाटक ओलांडलं, गावाची वाट धरली. मागे कुठंतरी मोळीची दोरी करकरावी तसा आवाज होता. मी पाहिलं नाही... मान दुखेपर्यंत ताठ ठेवली. घराच्या दारात गुणाबाईनं स्वतःच्या पायावर पाणी घेतलं, माझ्या पायावर घातलं, आणि मग तिसऱ्यांदा, उंबऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेवर तांब्या रिकामा केला.

मी तडक पट्ट्याकडे परतले. आमची जातानाची पावलं होती, येतानाची होती. आणि माझ्या बुटाच्या ठशावर, बरोबर मधोमध, चार बोटांचं पाऊल होतं. दुर्गा माझ्या मागून आली होती. मला घाम फुटला, पण त्याबरोबर बरंही वाटलं. आली बिचारी. गुणाबाईचा जीव शांत होईल.

मग मी आणखी खाली वाकले. त्या पावलावर पंजा होता. गावाकडे तोंड केलेला. परतीचा एकही नव्हता.

"पोचूभाऊ, आमच्या मागून काही गेलं?"

"मांजरही गेलं नाई मॅडम."

मी गावापर्यंत पळत गेले. गल्लीतली कुत्री एका ओळीनं भिंतीला चिकटून बसली होती, एकही भुंकत नव्हतं. गुणाबाई उंबऱ्यावर बसली होती. या चार दिवसांत तिचा चेहरा मी इतका निवांत पाहिला नव्हता.

"गुणाबाई, कोण... कोण आलंय घरात?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला मॅडम. थकून आली हाये. निजली."

आतल्या खोलीची खिडकी बंद होती. जमिनीवर पीठ पसरलेलं, त्यावर धान उपसायची मोठी टोपली पालथी. "उचलून पाहा ना," गुणाबाई म्हणाली. "तुमाले तं सगळं पाहायचं रायते."

आयुष्यात पहिल्यांदाच मला काही पाहायचं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. खोलीत वारा नव्हता. तरी टोपलीच्या काठाखालचं पीठ हळूच बाहेर उडत होतं, थोडं थांबून पुन्हा आत ओढलं जात होतं... संथ, एका लयीत.