साइटला हात लावायचा नाही

विद्याश्रीनं रायफलला शिव्या दिल्या त्या मराठीत. कन्नड मुलखात, येलवालच्या रस्त्यावरच्या त्या रायफल क्लबात मराठी कुणाला कळणार आहे, अशी तिची खात्री होती.

"मेल्या, मॅच तीन आठवड्यांवर आली आणि आत्ता तुझा दम सुटतोय होय?"

क्लबची जुनी एअर रायफल सूंऽऽ करत हवा सोडत राहिली.

"तिला कन्नडच येतं," मागून कुणीतरी म्हणालं. "मराठीतल्या शिव्या कळणार नाहीत तिला."

ती वळली. दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता, हातात रायफलची लांब काळी पेटी. हसत होता, पण हसायची सवय मोडल्यासारखा.

"तुम्ही मराठी?"

"घरात. बाहेर आपलं कन्नड... स्वल्प हे, स्वल्प ते. आमचे खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. मी बँकेत. घोड्यावरून खुर्चीवर आलो बघा."

"आमचे रंगारी होते," विद्याश्री म्हणाली. "आता अप्पांचं चामराजपुरमला ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. पूर्वी रंग लावायचो, आता डाग काढतो."

आता तो खरंच हसला. त्याचं नाव हर्ष. दर महिन्याला तो ती पेटी घेऊन यायचा आणि क्लबचे म्हातारे सेक्रेटरी जगन्नाथराव आतल्या रायफलला तेलपाणी करून द्यायचे. नेमबाजी मात्र तो करत नसे. मग ही रायफल कुणाची, हे विद्याश्रीनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तिच्या हातातल्या निकामी रायफलकडे तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅचपर्यंत ही घ्या. सुम्ने, उगाच पडून असते घरी. फक्त एक... साइटला हात लावायचा नाही."

ही अट म्हणजे, पायताण वापरा पण पाय आत घालू नका, अशातली होती. रायफलच्या मागच्या साइटवर, म्हणजे जिच्यातून बघून नेम धरतात तिच्यावर, दोन नॉब असतात. एकानं गोळी डावी-उजवी सरकते, दुसऱ्यानं वर-खाली. प्रत्येकाचा डोळा वेगळा, गाल टेकवायची रीत वेगळी, म्हणून प्रत्येक नेमबाज ते नॉब आपल्यापुरते लावून घेतो. दुसऱ्याच्या साइटनं नेम धरणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवणं. विद्याश्रीला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती हो म्हणाली. का म्हणाली ते तिलाच विचारा. मला विचाराल तर रायफल चांगली होती, आणि देणारा त्याहून.

मग रोज संध्याकाळी पाचला ती क्लबवर यायची आणि साडेपाचला बँकेतून हर्ष. तो मागे खुर्ची टाकून बसायचा. तिच्या गोळ्या मधल्या ठिपक्याच्या खाली डावीकडे जायच्या, नेमानं, सगळ्याच्या सगळ्या. म्हणून ती मुद्दाम वर उजवीकडे नेम धरायला शिकली. कुठल्याही मास्तरानं कान धरला असता.

"डोळा माझा चांगला आहे हं," ती म्हणायची. "उगाच तुमच्या अटीपायी बदनाम होतोय."

"डोळा चांगलाच आहे," तो म्हणायचा... आणि मग दोघंही टार्गेटकडे बघायची.

परतताना तो तिला स्कूटरवरून चामराजपुरमला सोडायचा. दसरा नुकताच उरकला होता. रस्त्यांवरच्या रोषणाईच्या माळा उतरवणं चाललं होतं, आभाळ दिवसभर भरलेलं आणि बारीक रिमझिम थांबायचं नाव घेत नव्हती. पेटी स्कूटरवर दोघांच्या मध्ये उभी असायची. तिच्या आडून विद्याश्रीला त्याची ओली मान दिसायची. एवढंसं दिसायचं, तरी ती घर येईपर्यंत तिथंच बघत राहायची. आपण प्रेमात पडलोय हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळून चुकलं होतं.

त्याच आठवड्यात त्यानं सांगितलं. रायफल मेघाश्रीची, त्याच्या धाकट्या बहिणीची. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली, नऊ दिवसांत. तापाच्या आदल्या दिवशी तिनं सराव केला होता.

"तिचे कपडे आईनं देऊन टाकले. फोन बंद पडला. हे तेवढं... तिच्या डोळ्यानं लावलेलं आहे. शेवटचं. वेडेपणा आहे ना, अल्वा?"

"नाही," विद्याश्री म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं.

पण मॅचच्या आदल्या संध्याकाळी एक गोष्ट घडली. विद्याश्री नेम धरून उभी होती आणि मागून तो हळूच, अगदी लाडानं म्हणाला, "मेघा, कोपर खाली घे गं."

तिनं कोपर खाली घेतलं. त्याला काय बोलून गेलो याचा पत्ताही नव्हता. त्या रात्री तिला झोप लागली नाही. तीन आठवडे हा माणूस रोज माझ्यामागे बसतो, तिनं मनाशी म्हटलं, पण बघत कुणाकडे असतो?

रविवारी मॅचला अठरा जण होते. चाळीस गोळ्या, पहिले तिघे राज्य स्पर्धेला जाणार. जगन्नाथरावांनी शिट्टी दिली. प्रत्येकामागे एक जण गोळीगणिक गुण मोठ्यानं सांगत होता. हर्ष काचेपलीकडे उभा होता.

सरावात जमलेलं मॅचमध्ये जमेना. काळा गोल पुढच्या कड्यात मधोमध बसायला हवा आणि ती त्याला मुद्दाम कडेला ढकलत होती. छाती धडधडत असताना असली लबाडी टिकत नाही. सात. आठ. परत सात. पहिल्या दहा गोळ्यांचे अवघे एकोणऐंशी गुण झाले.

तिनं रायफल खाली घेतली. मागे वळून बघितलं असतं तर हात उचलला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं बघितलं नाही. तिला त्या जागी विद्याश्री म्हणून उभं राहायचं होतं. त्यात तो गेला तर गेला. डोळे भरून आले तशी ती थोडी थांबली, बाहीनं पुसले आणि नॉबला हात घातला. उजवीकडे नऊ टिक. वर सहा. बॉलपेननं तिनं ते आकडे मनगटावर लिहिले आणि मग पुढची गोळी भरली.

दहा. दहा. नऊ. दहा.

उरलेल्या तीस गोळ्या तिनं आयुष्यात मारल्या नव्हत्या अशा मारल्या. तरी ती चौथी आली, दोन गुणांनी. जगन्नाथराव खांद्यावर थोपटून, लेकीला विचारावं तसं म्हणाले, "पहिल्या दहाला काय झालं, मगा?" तिनं वळून काचेकडे बघितलं. काचेपलीकडे कुणी नव्हतं.

हर्ष बाहेर शेडमध्ये स्कूटरपाशी उभा होता. तिनं पेटी सीटवर ठेवून उघडली आणि मनगट त्याच्यापुढे धरलं.

"नऊ आणि सहा. मी मोजून फिरवलंय. परत जसंच्या तसं करून देते."

ती मोजत-मोजत उलटं फिरवू लागली. नऊ झाले, मग सहा झाले. त्यानं रायफल घेतली, साइटमधून बाहेरच्या पावसाकडे पाहिलं.

"आलं का जागेवर?"

"आलं." त्यानं रायफल खाली घेतली. "विद्या, मला राग आला होता. खूप. निघून जाणार होतो... स्कूटर चालूपण केली. मग आतून दहा, दहा ऐकू यायला लागले. बंद करून इथंच उभा राहिलो. तुझे गुण मोजत. दोन वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास मला मेघाची आठवण आली नाही. नंतर ते ध्यानात आलं आणि... लाज वाटली गं. ती जाऊन अजून दोनच वर्षं झालीत."

विद्याश्रीला त्याचा हात धरावासा वाटला. त्याच्या हातात रायफल होती.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. म्हणून तर ती अट मान्य केली, नाहीतर कोण करतंय? पण काल तुम्ही मला मेघा म्हणालात. तुम्हाला कळलंपण नाही."

हर्षचा चेहरा पडला. "मी... असं म्हणालो?"

"पर्वागिल्ल, चालायचंच. तिच्यावर रुसून काय करू मी? पण तिच्या जागी मला नाही उभं राहता येणार."

त्यानं रायफल पेटीत ठेवली, झाकण लावलं. पाऊस वाढला होता. नेहमीप्रमाणं त्यानं पेटी सीटवर उभी केली आणि तिच्याकडे बघितलं.

"चल. सोडतो."

"आज नको. आज तिला घरी न्या. मी बसनं जाते."

"विद्या, मला वेळ लागेल."

"लागू दे."

"किती, ते मलाच माहीत नाही..."

"मी विचारलंय का?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते वाहू दिलं. "एकटे या, एवढंच. सहा महिन्यांनी या, वर्षानं या. दुकान सकाळी नवाला उघडतं. अप्पा विचारतील, काय काम आहे म्हणून. तर सांगा त्यांना, विद्याश्रीला भेटायला आलोय."