सतरा नंबरचा पिंजरा

बसा त्या बाकावर. घाई असेल तर आत्ताच उठा, मी गोष्ट अर्धी सांगत नाही.

दोन हजार सहा साल. आमची गिरीजला केळीची वाडी, पण मी कामाला होतो कामणला. गोदामांच्या रांगेत एक प्रयोगशाळा होती, तिथं उंदीर सांभाळायचे. चाळीस पिंजरे, चाळीस पांढरे उंदीर. खायला घालायचं, वजन करून वहीत लिहायचं आणि शुक्रवारी पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा बदलायचा. चौथी शिकलेल्या माणसाला पुष्कळ झालं.

ज्ञानदा मॅडम तिथल्या मुख्य. पोरगी हुशार, पण बोलायला लागली की थांबत नसे. म्हणाली, "काका, या उंदरांना आम्ही एक विषाणू टोचलाय. त्याचं आतलं सगळं काढून टाकलं आणि चरबी जाळणारी एक जीन भरली. तो पोस्टमनसारखा ती जीन यकृतात नेऊन टाकतो. मग चरबी जास्त जळते."

"आणि पोस्टमन घरातच राहिला तर?"

"राहत नाही हो! त्याला पिल्लं होत नाहीत."

मी म्हटलं, बरं.

उंदीर दुप्पट खायचे आणि रोज हलके व्हायचे. सगळ्यात खादाड सतरा नंबरचा. हातात धरला की चहाच्या पेल्यासारखा गरम.

आता माझी चूक सांगतो. तो भुसा पिवळ्या पिशवीत भरून भट्टीत जाळायचा, असा नियम. पण आमचा जन्म वाडीत गेला. लेंड्या मिसळलेला भुसा, म्हणजे सोन्यासारखं खत, आणि हे शहाणे जाळणार? मी पिशव्या घरी न्यायला लागलो आणि भुसा विहिरीकडच्या केळींच्या बुडाशी पुरला. तीन महिने.

केळींना घडांचे लोंगर असे लागले की शेजारचा फर्डिनंड कुंपणावरून म्हणाला, "नरहरी, काय घालतोस रे? माझ्या केळींना पण सांग!"

मला साखर, म्हणून मी केळ्याला हात लावत नाही. लीला, माझी बायको, तिनं खाल्ली. सकाळी चार, दुपारी चार. मग भाकऱ्या वाढल्या. सहा, सात, आठ. आणि अंग उतरत चाललं. बांगड्या मनगटावरून घसरून पिठात पडायच्या.

"अहो, मला भूक लागते," एवढंच म्हणायची. जेवताना तिचा जबडा वाजायचा. दाढ काढल्यापासून उजव्या बाजूला कट्... कट्... चाळीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी हजारात ओळखला असता.

डॉक्टर म्हणाला, साखर नाही, क्षय नाही. मला कळत होतं काय आहे ते. पण मॅडमला सांगायचं म्हणजे चोरी कबूल करायची. माझी जीभ रेटेना. बायको झिजत होती आणि मी ताठा सांभाळत होतो.

एप्रिलातला शुक्रवार. भर दुपारी लोडशेडिंग झालं आणि जनरेटरही सुरू होईना. उंदरांच्या खोलीला खिडकी नाही. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसेना. आधी गारवा गेला. मग वास आला, तव्यावर तूप करपल्यासारखा. आणि चाळीसही पिंजऱ्यांत कुरतडणं सुरू झालं. खरखर, खरखर... भिंतीच कुणीतरी खातंय असं.

त्यातून एक आवाज वेगळा निघाला. सावकाश. जड.

कट्... कट्...

मी चाचपडत तिकडे गेलो. पिंजरे बोटांनी मोजले. पंधरा... सोळा... सतरा.

"लीले?"

सगळं एकदम थांबलं. चाळीसही.

दिवे आले तेव्हा सतरा नंबरचा मरून पडला होता. नुसतं कातडं. खाद्याची वाटी चाटूनपुसून साफ.

मी मिळेल त्या एसटीनं घर गाठलं. लीला ओटीवर बसली होती. म्हणाली, "आत्ता डोळा लागला होता. कुठंतरी अंधार होता... जागा पुरत नव्हती. मग तुम्ही हाक मारलीत."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ती ओरडली, मग रडली. मला कामावरून काढलं, ते बरोबरच केलं. लीलाचं रक्त तपासून घेतलं. "काका, काही सापडत नाही. आणि खतातून असं होतच नाही." विहिरीकडच्या केळी मी मुळासकट उपटून जाळल्या.

लीला सुधारली. अंग भरलं, दोन भाकऱ्यांवर आली. लोक म्हणतात, देव पावला.

पण जबडा आता वाजत नाही. कुणी औषध दिलं नाही, दात बसवला नाही. आणि भाकरी ती दोन्ही हातांत धरून, कडेकडेनं खाते.

विहिरीकडच्या त्या तुकड्यावर काही उगवत नाही. सावलीतही माती पायाला गरम लागते. वीज गेली, पंप थांबले, की खालून ऐकू येतं. कट्... कट्... सावकाश, उजव्या बाजूनं.

मी उभा राहून ऐकतो. हाक मारत नाही. मागच्या वेळी मारली तेव्हा माझ्या घरी कोण आलं, ते मला अजून कळलेलं नाही.